स्वतःची खतावणी

उन्हाळा सरत आला कीं परीक्षांचे निकाल लागतात, आणि सोलापुरांतील कितीएक घरांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर एकच बैठक भरते. गुणपत्रिका मध्यें ठेवलेली असते. मामा एक वाट सुचवितात, काका दुसरी. शेजारचा मुलगा पुण्यास गेला, तेव्हां यानेंही पुण्यासच जावें, असें आजीचें मत पडतें. ज्याचें आयुष्य ठरत असतें तो मुलगा कोपऱ्यांत मुकाट्यानें बसून असतो. श्रोतेहो, या बैठकींत सारें कांहीं बोललें जातें. एकच प्रश्न कोणी विचारीत नाहीं : याच्यापाशीं भांडवल काय आहे, आणि तूट कोठें आहे?

गुणपत्रिका या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं. अमुक दिवशीं, अमुक तीन तासांत, विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें कशीं लिहिलीं, एवढेंच ती सांगते. आणि तेवढें तरी ती खरें सांगते, हा तिचा गुण. पेढीवरचा मुनीम याहून शहाणा. जमेच्या बाजूइतक्याच काळजीनें तो नांवेंची बाजू मांडतो, आणि दिवाळींत नवी वही पुजण्यापूर्वीं जुन्या वहींतील येणें व देणें समोरासमोर ठेवून पाहतो. माणूस मात्र स्वतःची जमा तेवढी वाचतो. नांवेंची बाजू वाचण्याचें काम तो शेजाऱ्यांवर सोपवितो, आणि शेजारीही तें मोठ्या आवडीनें करतात.

सोलापूर हें पेढ्यांचें आणि गिरण्यांचें गांव; तेव्हां पहिलें उदाहरण पेढीवरचेंच घ्यावें. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं याच गांवीं झाला. घरीं सावकारी आणि कापसाचा व्यापार. महाविद्यालयांतील शिक्षण पदवीवांचूनच सुटलें आणि ते घरच्या धंद्यांत आले. गादी तयार होती, पत तयार होती, गिऱ्हाईक बांधलेलें होतें. परंतु या धंद्यांत आपलें मन रमत नाहीं, हें त्यांच्या ध्यानीं आलें. येथवर नवल नाहीं. मन रमत नाहीं म्हणणारे तरुण प्रत्येक आळींत दहा सांपडतील. नवल पुढेंच आहे. त्यांनीं रेल्वेच्या बांधकामाचीं कंत्राटें घेण्याचें मनावर घेतलें, आणि जो भागीदार निवडला तो कोणी धनिक नव्हता. रेल्वेंत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक हे ते गृहस्थ होत. एकापाशीं पैसा, दुसऱ्यापाशीं त्या कामाची माहिती. आपल्या तिजोरींत काय नाहीं हें ज्याला कळलें, त्यालाच असा भागीदार दिसतो. पुढें १९१९ सालीं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघालें, १९४० सालीं बंगळूरास विमानांचा कारखाना उभा राहिला, १९४१ सालीं विशाखापट्टणमास जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला गेला. ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या आरंभीं उभा असलेला तो माजी कारकून मात्र फारसा कोणाच्या स्मरणांत नसतो.

तथापि उणीव ओळखून योजना आंखणें हें अर्धेंच काम झालें. आंखलेली योजना पुष्कळदां परक्याच्या निर्णयानें मोडते. याच गांवच्या जुन्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हां भोंग्याच्या ठोक्यावर ज्यांचें आयुष्य चाललें होतें अशा चाळिशी उलटलेल्या माणसांना आपली वही पुन्हां पहिल्या पानापासून उघडावी लागली. गिरणी गेली, पण हातांतील कसब गेलें नव्हतें. हा भेद ज्याला लवकर उमगला तो लवकर सावरला. योजना मोडली असतां तींतील काय टाकावें आणि काय धरून ठेवावें, हा प्रश्न पहिल्या प्रश्नाहून कठीण आहे. त्याचा विचार करूं लागलें म्हणजे भैय्या चौकांतील एका घराची आठवण होते.

तें घर डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. कुटुंब मध्यम स्थितींतलें, भावंडें पुष्कळ. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून ते डॉक्टर झाले आणि पुढील अभ्यासाच्या तयारीस लागले. वरची परीक्षा, मग व्यवसाय, मग घरास हातभार : योजनेंत खोट काढावी असें कांहींच नव्हतें. आजही त्या बैठकींतले मामा-काका दोघेही तिला एकमतानें मान्यता देतील.

१९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली. चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंस डॉक्टर पाठविण्याविषयीं लिहिलें, आणि १९३८ सालीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं वैद्यकीय पथकासाठीं देशास आवाहन केलें. कोटणीसांनीं आपलें नांव दिलें. चीनमधून कोणी रेशीम विकावयास येतें, यापलीकडे त्या देशाची माहिती घरांत नव्हती, आणि मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आईस फार वाईट वाटलें, असें त्यांच्या भगिनींनीं पुढें सांगितलें आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजीं अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी या चौघां डॉक्टरांसह ते मुंबईहून जहाजानें निघाले. वय अठ्ठावीसही पुरें नव्हतें.

या निर्णयास त्याग म्हणण्याची रूढि पडली आहे. त्याग तो होताच. पण त्यांतील हिशेबही पाहण्याजोगा आहे. परीक्षा सुटली, शस्त्रक्रिया सुटली नाहीं. उत्साहाच्या भरांत घर सोडणारे तरुण बहुधा आपली विद्याही घरींच सोडून जातात, आणि मग जें येत नाहीं तेंच करीत बसतात. कोटणीसांनीं गांव बदललें, भाषा बदलली, अन्न बदललें. जें काम हातास येत होतें तें तेवढें बदललें नाहीं.

पथक चुंगकिंगला असतां १९३९ च्या आरंभीं वडील वारल्याची बातमी आली. परत जाण्यास मोकळीक होती, कोणी दोष दिला नसता. ते परत फिरले नाहींत. फेब्रुवारींत पथकासह येनानला पोंचले. येथें क्षणभर थांबलें पाहिजे. व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं या चरित्रावर चित्रपट काढला आणि तो गाजला. पण पडद्यावर दिसतो तो जाणाऱ्याचा प्रवास. भैय्या चौकांतल्या घरीं त्या वर्षीं काय चाललें असेल, याचा हिशेब निराळा आहे. माणूस आपल्या आयुष्याची योजना करतो, आणि तिचा खर्च पुष्कळदां दुसऱ्याच्या वहींत पडतो. कोटणीसांचा निर्णय थोर होता असें मानणाऱ्यानेंही आईच्या वहींतील ती रक्कम खोडूं नये. आज परगांवीं वा परदेशीं जाणाऱ्या मुलानें निघण्यापूर्वीं घरच्यांशीं बसून हा आंकडा मोकळेपणीं मांडावा. तो मोठा असला म्हणजे जाऊंच नये असें नव्हे, पण तो न मांडतां जाणें हें ऋण लपविण्यासारखें आहे. आणि घरच्यांनींही तो आंकडा फुगवून सांगूं नये, हेंही येथेंच सांगितलेलें बरें.

चोळकर व मुखर्जी १९३९ सालीं परतले, अटल पुढच्या वर्षीं. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ रणक्षेत्रांत राहिले. १९४० सालच्या एका लढाईंत बहात्तर तास विश्रांति न घेतां त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या तेरा दिवसांत आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले. जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून रुग्णालयाचें संचालकपद त्यांच्याकडे आलें. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद. शस्त्रक्रिया करतांना बोट कापून रक्त दूषित झालें आणि नोव्हेंबर १९३९ मध्यें ते तेथेंच वारले होते. १९४१ सालींच कोटणीसांनीं रुग्णसेवेंतील सहकारी गुओ चिंगलान यांच्याशीं विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं मुलगा झाला. त्याच्या 'यिनहुआ' या नांवांत हिंदुस्थान आणि चीन या दोन्ही देशांचीं नांवें आहेत.

येथें त्यांच्या हिशेबांतील आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती बहुधा सर्वांत कमी सांगितली जाते. रणक्षेत्र विस्तीर्ण, जखमी असंख्य, आणि हात दोनच. एका माणसानें रात्रंदिवस काम केलें तरी तें किती पुरणार? कोटणीस चिनी भाषा शिकले, ती इतकी कीं त्या भाषेंत विद्यार्थ्यांस शिकवूं लागले. अपस्माराचे झटके येऊं लागले होते, तरी शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठीं चिनी भाषेंत पाठ्यपुस्तक लिहिण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. शल्यविद्येचा सामान्य परिचय करून देणारें पहिलें पुस्तक पुरें झालें. सविस्तर दुसरें लिहावयास घेतलें होतें.

९ डिसेंबर १९४२ रोजीं त्याच विकारानें त्यांचें देहावसान झालें. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरें पुस्तक अपुरें राहिलें.