आधी कान, मग लोगो

आयटीत कोड लिहिणारा माणूस लोकरीच्या टोप्यांवर काय बोलणार, असं वाटत असेल तर जरा थांबा. आमचा पुण्यातला ट्रेकिंगचा ग्रुप डिसेंबरात केदारकंठाला चाललाय. उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात, सांकरी गावातून वर. उंची साधारण ३,८०० मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. ४२ जणांनी वर्गणी काढली, ग्रुपच्या लोगोची टोपी करायचं ठरलं, आणि "तू इंजिनिअर ना, मग तूच बघ" म्हणत काम माझ्या गळ्यात पडलं. गेले दोन महिने मी टोप्या ताणून बघतोय. आई म्हणते, एवढ्या वेळात मी स्वतः विणून दिल्या असत्या.

सगळ्यांची सुरुवात लोगोपासून होते. केवढा मोठा, कुठल्या रंगाचा, पुढे की बाजूला. मला वाटतं ही सुरुवातच उलटी आहे. शिखराच्या दिवशी लोक रात्री दोन-तीनला तंबूतून निघतात, अंधारात, बर्फातून. त्या वेळी लोगो कुणाला दिसत नाही. टोपी कानावरून वर सरकली तर मात्र लगेच कळतं. आणि ती वर का सरकते? बऱ्याचदा लोगोमुळेच!

म्हणजे कसं, बघा. विणलेलं कापड ताणलं जातं, हाच त्याचा गुण. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर घेराचं. टोपी न ताणता मोजली तर ४०-४२च भरते. उरलेलं अंतर ताण भरून काढतो, म्हणून ती घट्ट बसते. भरतकामाचा धागा मात्र ताणला जात नाही. समोर १२ सेंटीमीटर रुंदीचा भरगच्च लोगो भरला, की टोपीच्या घेराचा पाव भागाहून जास्त तुकडा कडक झाला. आता सगळा ताण उरलेल्या भागावर. कपाळावर करकचून बसते, वर सरकायला लागते, आणि कानाच्या पाळ्या उघड्या.

त्यात आपली देवनागरी. इंग्रजी अक्षरं सुटी-सुटी असतात, त्यांच्यामध्ये कापडाला हलायला जागा राहते. आपल्याकडे शिरोरेषा! एक सलग आडवी रेघ, आणि टोपी ताणली जाते तीही आडवीच. पहिलं सॅम्पल आलं त्यात ही रेघ धरणासारखी आडवी बसली होती, वर-खाली कापडाला चुण्या. आमच्या ग्रुपच्या नावात एक 'ध' आहे. धागा फुगला, शिरोरेषेतली फट बुजली, आणि 'ध'चा सरळ 'घ' झाला. 'भ'चं 'म' होणं हाही त्यातलाच प्रकार. लोगोत मराठी अक्षरं असतील तर सॅम्पल हातात घेतल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका. स्क्रीनवरच्या फोटोत सगळी अक्षरं शहाणी दिसतात.

आता टोपीचा प्रकार. मी सरळ दुमडीच्या टोपीच्या बाजूने आहे, खाली घडी घालतो ती. कानावर दुहेरी थर येतो. लोगो त्या घडीवर बसतो आणि भरतकामाची खरखरीत मागची बाजू दोन थरांच्या मध्ये जाते, कपाळाला टोचत नाही. घडी साधारण सात सेंटीमीटरची असते, म्हणून लोगोची उंची पाचच्या आत ठेवा. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. घडी घातली की कापडाची आतली बाजू बाहेर येते आणि वरचं खाली जातं. त्यामुळे भरतकाम उलट्या बाजूवर, उलट्या दिशेनं करावं लागतं. भरतकामवाल्याला हे माहीत असतं, तरी ऑर्डरमध्ये लिहून द्या.

बिनघडीची, डोक्याला चिकटून बसणारी टोपी हेल्मेटखाली उत्तम. बाइकवाले किंवा चढाईवाले असाल तर तीच घ्या, पण तिच्यावर भरतकाम नको. एकच थर असतो, मागचा धागा थेट कातडीला लागतो. मागे लोंबणारी सैल टोपी कॉलेजच्या फेस्टला छान, पण लोगो घड्यांत हरवतो. गोंड्याची टोपी फोटोत सगळ्यांत भारी दिसते. जॅकेटचं हूड वर घेतलं की तोच गोंडा आड येतो. आणि माकडटोपी! हसू नका, उबेला तिच्यासारखी दुसरी नाही. ग्रुपवर मत घेतलं तेव्हा तिला एकच मत पडलं, आमच्या सगळ्यांत अनुभवी ट्रेकरचं.

लोगो भरतकामाऐवजी विणीतच घ्यायचा, हाही मार्ग आहे. मला यात जास्त मजा आली, कारण इथे टाका म्हणजे पिक्सेल. मध्यम जाडीच्या लोकरीच्या हातविणीत इंचाला साधारण ५ टाके आडवे आणि ७ ओळी उभ्या बसतात. चार इंच बाय दोन इंच लोगो म्हणजे २० बाय १४चा ग्रिड. नोकिया ३३१०चा स्क्रीन ८४ बाय ४८ होता, म्हणजे आपण त्याच्याही मागे! मशीनवर टाके बारीक पडतात, तरी हिशोब तोच. दुसरं म्हणजे हा पिक्सेल चौकोनी नाही, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. १४ टाके आणि १४ ओळींचं वर्तुळ काढलं तर ते २.८ इंच रुंद आणि २ इंच उंच येतं, चांगलं आडवं बटाट्यासारखं. त्यामुळे डिझाइन आधीच उभं ताणून द्यायचं. शिवाय जो रंग पुढे दिसत नाही त्याचा धागा मागून आडवा धावतो. तो लांब धावला की टोपी कमी ताणली जाते, बोटंही अडकतात. डोंगराची रेघ, एखादा त्रिकोण, जाड पट्टे, यांना ही पद्धत फार शोभते. जोडाक्षरांना नाही.

आमची डिझायनर मैत्रीण यावर चिडली. "लोगो दिसणारच नसेल तर साधी टोपी घ्या ना!" तिचंही खरं होतं. राजगडाचा बालेकिल्ला तिनं हातानं काढलाय, ग्रुपची ओळख आहे ती. मग वाटाघाटी झाल्या. बालेकिल्ल्याची रेघ विणीत, टोपीभर फिरणारी, दोन रंगांत. नाव मात्र वेगळ्या विणलेल्या लेबलवर, जेमतेम चार सेंटीमीटर रुंद, घडीच्या कडेला शिवलेलं. लेबलचा धागा बारीक असतो, त्यामुळे 'ध' पुन्हा 'ध' झाला.

धाग्याचं थोडक्यात सांगतो. शुद्ध लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, पण महाग, आणि काहींना टोचते. ॲक्रिलिक स्वस्त, लवकर वाळतं, पण वापरून गोळे येतात आणि शेकोटीच्या ठिणगीशी त्याचं अजिबात जमत नाही. आम्ही बाहेरून ॲक्रिलिक, आतून कानापर्यंत फ्लीसची पट्टी घेतली. वर्गणीत तेच बसत होतं.

सॅम्पल आलं की ते टेबलावर ठेवून फोटो काढू नका. ग्रुपमधलं सगळ्यांत मोठं डोकं आणि सगळ्यांत जाड वेणी, दोघांना घालायला द्या. तासभर घालून जिने चढा-उतरायला सांगा. आमच्याकडे वेणीवालीची टोपी अर्ध्या तासात वर आली, म्हणून उंची दोन सेंटीमीटर वाढवली.

आणि ऑर्डर पावसाळ्यातच द्या. लोकरीच्या कपड्यांचं मोठं केंद्र लुधियाना, आणि थंडी तोंडावर आली की तिथे तुमच्या ४२ टोप्यांना कोण विचारतंय! आम्ही ४६ सांगितल्यात. जास्तीच्या चार सांकरीहून आमच्यासोबत वर येणाऱ्या वाटाड्यांसाठी. त्यांच्या टोपीवर आमच्या नावाचं लेबल नाही, फक्त डोंगराची रेघ.

टाक्यांच्या मापाच्या चौकटी असलेली एक्सेल शीट डिस्क्रिप्शनमध्ये टाकतोय. त्यात तुमचा लोगो भरून बघा.