पाऊस बाहेर, पोरं घरात
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज तुम्ही भिजत वर्गाला आलात. कोणी घोंगडी पांघरून आलं, कोणी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन आलं. एवढ्या पावसात अक्षरासाठी घराबाहेर पडणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून आज फळ्यावरचा धडा बाजूला ठेवतो. तुमच्या-माझ्या घरात सध्या जे चाललं आहे, त्यावर चार शब्द बोलतो.

सातारा आणि सांगली हे आपले दोन जिल्हे शेजारी आहेत. पण पाऊस दोन्हीकडे सारखा पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. ते सगळं पाणी एका जागी उभं राहिलं, तर एकाच्या खांद्यावर एक अशी तीन माणसं बुडतील. जत-आटपाडीकडे ते पाणी गुडघ्याच्या थोडं वर येईल, इतकंच. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पाऊस आला की पोरं घरात. आणि पोरं घरात आली की दंगा. मग आई म्हणते, "घे बाबा हा मोबाईल, पण गप बस."

मी कोणाला दोष देत नाही. हा मोबाईल पोरांच्या हातात आपणच दिला. २०२० साली करोनाची साथ आली. शाळा बंद पडल्या. अभ्यास मोबाईलवर आला. ज्याच्याकडे मोबाईल नव्हता, त्याने कर्ज काढून घेतला. पुढे साथ गेली, शाळा उघडल्या, पण मोबाईल काही पोरांच्या हातातून सुटला नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणून एक मोठी संस्था आहे. तिने २०१९ साली जगातल्या आईबापांना सांगितलं, की एक वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नका. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासापेक्षा जास्त नको. कमी असेल तर उत्तमच. पडदा म्हणजे टीव्ही आणि मोबाईल दोन्ही आले. का? तर त्या वयात मुलाला धावणं, खेळणं, झोप आणि माणसांचं बोलणं लागतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी चुकलो. ती गोष्ट आज मोकळेपणाने सांगतो.

गेल्या वर्षी आषाढात आमच्याकडे झड लागली होती. मुलगा आणि सून भातलावणीला गेले होते. सात वर्षांचा नातू माझ्याजवळ होता. मला वर्तमानपत्र वाचायचं होतं. मी त्याच्या हातात मोबाईल दिला. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. पोर कसं शांत! मला वाटलं, किती गुणी आहे. तिसऱ्या दिवशी वीज गेली. दुपारी मोबाईल बंद पडला. त्याबरोबर पोराने आकांत मांडला. जेवणाचं ताट ढकलून दिलं. मी ओरडलो. ते आणखी रडलं. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं शिकवली, पण माझ्याच घरातलं पोर मला आवरेना.

तेव्हा चुलीपुढून आमची मंडळी म्हणाली, "अहो, वरडून काय हुणार? त्या गाडग्यातलं चिंचोकं काढा जरा."

मी चिंचोके काढले. तिने दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळी केल्या. डाळीची एक बाजू काळी, दुसरी पांढरी. मग तिने कोळशाने सोप्यातल्या फरशीवर उभी पाच आणि आडवी पाच अशी पंचवीस घरं आखली. चार कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमधच्या घरात फुली मारली. हा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असाल. काही गावांत त्याला चल्लस-आठ म्हणतात. तुमच्याकडे नाव निराळं असेल.

ज्यांना आठवत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. चार डाळी हातात खुळखुळवून टाकायच्या. जितक्या पांढऱ्या पडतील, तितकी घरं चालायचं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार. चारही काळ्या पडल्या तर आठ. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. कोणाचे हरभरे, कोणाचे मक्याचे दाणे, कोणाचे शेंगदाणे. आपल्या कडेच्या फुलीपासून निघायचं. बाहेरची सोळा घरं फिरायची, मग आतली आठ, आणि शेवटी मधलं घर. वाटेत दुसऱ्याची सोंगटी सापडली तर मारायची. पण फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही.

पोर हळूच जवळ आलं. डोळे पुसून बघू लागलं. मग म्हणालं, "मला पण घे आज्जे." थोड्या वेळाने माझ्याकडे वळलं. "आजोबा, तुम्ही पण या." मी वर्तमानपत्राची घडी केली आणि खाली बसलो. माझे शेंगदाणे होते. माझी सोंगटी मारली की नातू ती खाऊनच टाकायचा! दोन डाव झाले. तो एकदा हरला. रुसला. पुन्हा बसला. आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकला. किती घरं गेली, किती राहिली, हे बोटं न मोजता सांगू लागला.

संध्याकाळी वीज आली. दिवा लागला. पोराने कोपऱ्यातल्या मोबाईलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, डाव मोडायचा का?"

बंधूंनो, खरं सांगतो. माझी कंबर दुखत होती. 'हो' म्हणणं सोपं होतं. पण त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. डाव मोडायचा की चालू ठेवायचा, हे पोराच्या हातात नव्हतं. ते माझ्या हातात होतं. पोराला मोबाईलच हवा असतो असं नाही. त्याला कोणीतरी सोबत हवं असतं. सोबत मिळाली नाही, म्हणजे ते मोबाईल मागतं. मी म्हणालो, "नाही रे. टाक, तुझी पाळी आहे."

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे. आम्हाला रानातून आल्यावर वेळ कुठला?" बरोबर आहे. म्हणून हात चालू ठेवूनही होतील अशी कामं सांगतो.

पहिलं, माती. बेंदराला आपण मातीचे बैल करतो. मग बैल वर्षातून एकदाच का करायचे? पावसात माती मऊ असते. पाटीभर माती आणून द्या. पोर बैल करील, जातं करील, चूल करील, सबंध गाव उभं करील. तुम्ही शेजारी बसून शेंगा फोडा.

दुसरं, सागरगोटे. ते नसतील तर पाच गोल खडे. एक वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. हा पोरींचा खेळ म्हणून पोरांना उठवू नका. डोळा आणि हात सगळ्यांचाच तयार व्हायला हवा.

तिसरं, पाऊस मोजणं. सरळ बुडाचा, सरळ उभा डबा अंगणात ठेवा. वर झाड किंवा पागोळी नको. रोज सकाळी शाळेतली पट्टी उभी धरून पाणी मोजायला सांगा. आकडा दिनदर्शिकेवर लिहायचा आणि डबा रिकामा करायचा. महिन्याने बेरीज करा. पोराचं गणित होईल आणि तुम्हालाही रानाचा अंदाज येईल.

चौथं, हुमाण. भाकरी थापता थापता कोडं घालता येतं. पोरालाही नवं रचायला सांगा. माझ्या नातवाने एक रचलं: "पाऊस थांबतो, पण मी पडतच असते. सांगा मी कोण?" उत्तर आहे पागोळी. सात वर्षांच्या पोराने पावसाकडे किती नीट बघितलं, पाहा!

या बैठ्या खेळांना रिकामटेकडे उद्योग समजू नका. सांगली शहर बुद्धिबळासाठी नावाजलेलं आहे. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलामुलींना पटासमोर बसवलं. सांगलीच्या भाग्यश्री साठे पुढे पाच वेळा बुद्धिबळात देशातल्या महिलांमध्ये पहिल्या आल्या. पटासमोर स्वस्थ बसून विचार करणं, हेसुद्धा शिक्षणच आहे.

पण एका घराने मोबाईल बंद केला आणि शेजारी टीव्ही चालू राहिला, तर पोर तिकडे पळणारच. मग करायचं काय? त्याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने दिलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. साथीनंतर तिथेही पोरं मोबाईलला चिकटली होती. सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढे विषय मांडला. पुरुष मंडळी हसली. मग २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांची सभा झाली. बायकांनी कबूल केलं, की आम्हीही टीव्हीवरच्या मालिकांत फार वेळ घालवतो. आधी आपण बंद करू. ठरलं! गावातल्या देवळावर भोंगा बसवला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा. घरोघर टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला शिक्षक आणि आशाताई घरोघर फिरून बघत. त्या गावाचं नाव देशभर झालं.

यातली खरी गोष्ट भोंग्याची नाही. मोठ्या माणसांनी आधी स्वतःचा टीव्ही बंद केला, ही खरी गोष्ट आहे. आपल्या हातात मोबाईल आणि पोराला उपदेश, हे चालायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

आता शेवटचं आणि माझ्या जिव्हाळ्याचं काम. ते म्हणजे वाचन. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार गाव आहे. तिथली स्ट्रॉबेरी प्रसिद्ध आहे. मे २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. सरकारने सुमारे १५,००० मराठी पुस्तकं दिली आणि पंचवीसेक ठिकाणी ती मांडली. त्यांत गावकऱ्यांची राहती घरंही आली. शेतकऱ्याच्या सोप्यात बसून कोणीही वाचावं, पैसे पडत नाहीत. आपल्याला एवढं जमणार नाही. पण घरात चार पुस्तकं तर ठेवता येतील.

परवा आपल्या वर्गातली एक बाई मला म्हणाली, "गुरुजी, माझं पोरगं चौथीत हाय. त्ये भराभरा वाचतं. त्याच्यापुढं मी अडखळत वाचू का? लाज वाटती."

माय, लाज कसली? तू वाचताना अडखळलीस तर पोर तुला सांगेल. तुला शब्द येईल आणि त्याला मान वाटेल, की मी माझ्या आईला शिकवलं. पोराने आईला चिखलात भात लावताना पाहिलं आहे, चुलीपुढे पाहिलं आहे. हातात पुस्तक घेतलेली आई त्याने अजून पाहिली नसेल. ते चित्र त्याला जन्मभर पुरेल. मोबाईलमध्ये हजार चित्रं असतात, पण हे एक त्यात सापडायचं नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. जेवणाआधी एक तास मोबाईल फळीवर ठेवा. आधी तुमचा, मग पोराचा. चिंचोके काढा, नाहीतर हे पुस्तक काढा. कंटाळा आला तरी उठू नका. पाऊस चार दिवसांचा पाहुणा आहे, आणि पोराचं लहानपणही तसंच. दोन्ही निघून जातात. रानात वापसा पुन्हा येतो, लहानपण पुन्हा येत नाही.

उद्या येताना प्रत्येकाने एक नवं हुमाण आणायचं. आपल्या पोराने रचलेलं. ते आपण फळ्यावर लिहू.