आमच्या खेळातल्या मांत्रिकाचे नियम

अष्टाचंगा आपण सगळ्याच खेळलोय. सासरी आल्यावर पहिल्याच डावाला भांडण झालं नाही अशी बाई विरळा. माहेरी दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नसतं, सासरी येतं. माहेरी लागोपाठ तिसऱ्यांदा मोठं दान पडलं की तिन्ही दानं जळतात, सासरी ती चालतात. मग खरं कोणाचं? ज्या घरात पट मांडला त्या घराचं. वेरूळला २१ नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. त्यांच्यातही डावावरून रुसवेफुगवे झाल्याच्या गोष्टी आपण ऐकत आलोय.

आज अशाच घरच्या नियमांबद्दल बोलायचंय. पण खेळ वेगळा आहे, आणि त्या खेळात मांत्रिक आहे.

आमच्या बचत गटातर्फे दर रविवारी समाजमंदिरात लेकरांसाठी पुस्तकांची पेटी उघडतो. गेल्या दिवाळीत गटातल्या एकीचा पुतण्या सुट्टीला आला. छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं एक खेळ आणला, डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. यात पट असलाच पाहिजे असं नाही. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे गोष्टीतलं एकेक सोंग घेतात. कोणी लढवय्या, कोणी वाटाड्या, कोणी वैदू, कोणी मांत्रिक. अवघड काम करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर काम झालं, लहान पडला तर फसलं. आपल्याला सोंग काही नवीन नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडात कधी जोशी, कधी वासुदेव, कधी गोंधळी होऊन लोकांना शहाणं करायचं काम केलंच की.

पुतण्या परत गेला, फासेही घेऊन गेला. आम्ही वीस चिंचोक्यांवर एक ते वीस आकडे लिहिले आणि डब्यात टाकले. डोळे मिटून एक काढायचा, बघायचा, परत टाकायचा. काम तेच होतं.

पहिली गोष्ट आम्ही देवगिरी किल्ल्याची घेतली. चौघांनी खंदक ओलांडून, अंधारीतून वर जायचं. अंधारी तुम्ही पाहिली असेल. दिवसासुद्धा हाताला हात दिसत नाही, वाट फसवी, शत्रूला चकवायलाच केलेली. आम्हाला वाटलं लेकरं तासभर रंगतील. दहा मिनिटांत खलास. मांत्रिक झालेल्या पोरीनं मंत्रानं उजेड पाडला, मंत्रानं पहारेकरी झोपवला, मंत्रानं दार उघडलं. लढवय्या झालेली शेजारी बसून जांभया देत होती.

फोनवर पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, मूळ खेळात याला बांध घातलेला आहे. नव्या मांत्रिकाला दिवसाला दोनच मोठे मंत्र, मग आठ तास विश्रांती घेतल्यावर ते परत मिळतात. बारीकसारीक मंत्र मात्र कितीही वेळा. जुन्या खेळात तर मंत्र एकदा म्हटला की मांत्रिक तो विसरूनच जायचा, पुन्हा पाठ करावा लागायचा. जॅक व्हान्स नावाच्या लेखकाच्या गोष्टींतून ती कल्पना घेतली होती. आम्हाला ती फार आवडली. आमच्यातल्या निम्म्या जणींचं पाठांतर तसंच आहे.

नियम लागू केला. लेकरं आपल्यापेक्षा हुशार. दोन मंत्र संपले की म्हणायची, "आता आम्ही झोपतो." उठली की परत दोन मंत्र. म्हणून आमचा पहिला घरचा नियम असा झाला की झोपेला किंमत. आठ तास गेले म्हणजे सगळ्यांची एकेक भाकरी संपली, आणि किल्लेदाराला आठ तास मिळाले. तो पहारा वाढवणार. शिदोरीत मोजक्याच भाकरी. आता झोपायचं की नाही हे चौघांनी मिळून ठरवावं लागतं, एकट्या मांत्रिकानं नाही. उजेडाचंही तसंच. उजेड कितीही वेळा पाड, पण तो पहारेकऱ्यालाही दिसतो. त्यामुळे अंधारीत हातानं भिंत चाचपत पुढं जाणाऱ्या वाटाड्याला पुन्हा मान आला.

इथवर सगळं हसतखेळत झालं. पुढचं सांगायला जरा जड जातं.

एका रविवारी गोष्टीत चेटकीण आली. गोष्ट सांगणाऱ्या मुलीनं तिला नाव दिलं ते आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकूंचं. म्हैस आटवते, लेकरांना नजर लावते, असं सगळं रंगवून सांगितलं. पोरं हसली. काकू बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, सूप उचललं आणि घरी गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका घरची म्हैस दूध द्यायची बंद झाली, तेव्हा काकूंचं नाव घेतलं गेलं होतं. विधवा बाई, एकटी राहणारी. वर्षभर त्यांच्याकडून कोणी विरजणसुद्धा नेलं नाही. आमच्यातल्याही काहींनी नेलं नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे. लेकरांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण घरात ऐकलेलं होतं. आपण चुलीपाशी जे बोलतो तेच खेळात आलं.

काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "लेकरांवर राग नाही माय. पण माझं नाव अजून तुमच्या घरात तसंच घेतात, हे कळलं."

त्या आठवड्याची बैठक वादळी झाली. अर्ध्या जणी म्हणाल्या, मांत्रिकच काढून टाका, कशाला पाहिजे ती ब्याद. बाकीच्या म्हणाल्या, काढला तर लेकरं चोरून खेळतील, आणि तिथं नियम सांगायला कोणी नसेल. कायद्याचाही विषय निघाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो जादूटोणा विरोधी कायदा त्यांचा खून झाला त्याच वर्षी, २०१३ मध्ये झाला. अमुक माणूस करणी करतो, जनावराचं दूध आटवतो, असं सांगून त्याच्यावर संशय घेणं, त्याला जगणं नकोसं करणं, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. भजन, कीर्तन, वारी यांना त्या कायद्यानं हात लावलेला नाही. गोष्टीतल्या राक्षसाशी त्याचं भांडण नाही. भांडण आहे ते जित्याजागत्या माणसावर घेतलेल्या आळाशी. काकूंची म्हैस आठवून आम्ही तिथं गप्प झालो.

शेवटी मांत्रिक ठेवायचा ठरलं, आणि बचत गटाच्या रजिस्टरात मागच्या पानावर नियम लिहिले. गोष्टीतल्या कोणालाच गावातल्या माणसाचं नाव, घर, व्यंग द्यायचं नाही. चेटकीण हा शब्दच बंद. मंत्र टाकणारा बाई असो की बापई, मांत्रिकच म्हणायचं. आणि गोष्टीतसुद्धा कोणावर आळ आला तर पुरावा शोधल्याशिवाय शिक्षा नाही. या शेवटच्या नियमानं गोष्टी लांबल्या, पण चांगल्या झाल्या. मागच्या महिन्यात गोष्टीतली गाय का आटली हे शोधायला लेकरांनी तीन रविवार घालवले. चारा बदलला होता.

सामानाचाही नियम आहे. मूळ खेळात काही मंत्रांना वस्तू लागतात. आमच्याकडे लिंबू, मिरची, बाहुली, केस, राख यातलं काहीही चालत नाही. कोणतंही लेकरू घरी जाऊन करून बघेल. त्याऐवजी मूठभर चांदणं, ढगाचा कापूस, कासवाचं हसू असलं काहीतरी लागतं, जे किराणा दुकानात मिळत नाही. मंत्रात देवाचं नाव घ्यायचं नाही. मंत्र म्हणजे उखाणा, तिथल्या तिथं जुळवायचा. यमक जुळलं तर चिंचोक्याच्या आकड्यात दोन जादा. परवा एकीनं धुकं पाडताना म्हटलं, "कोरड्या विहिरीत सोडला पोहरा, धुक्या रे धुक्या, झाक आमचा चेहरा." आम्ही पण टाळ्या वाजवल्या. उखाण्यात नवऱ्याचं नाव सोडून दुसरं काही आलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

एकचा चिंचोका निघाला की मंत्र उलटतो, असं आम्ही सुरुवातीला ठेवलं होतं. ते काढलं. करणी उलटली हे शब्द गावात आधीच फार आहेत. आता मंत्र नुसता वाया जातो.

एक नियम मात्र एका मुलीमुळे आला. मांत्रिक झालेल्या मुलानं तिच्या लढवय्यीवर मोहिनी टाकली आणि म्हणाला, "तलवार टाक, गुहा झाडून काढ." तिनं चिंचोका डब्यात टाकला आणि सरळ घरी निघून गेली. मुलगा म्हणाला, पण खेळात तसा मंत्र आहे! आहे. पुस्तकात आहे. आमच्या पटावर नाही. दुसऱ्याच्या सोंगावर मंत्र टाकायचा तर आधी त्याला विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर तिथंच थांबायचं. का नाही, हे विचारायचं नाही. या नियमावर पोरांनी बरीच कुरकुर केली. आमच्यातल्या एक-दोघी म्हणाल्या, खेळच आहे, एवढं काय त्यात. त्या मुलीच्या घरी दोनदा जावं लागलं तेव्हा ती परत आली.

नियम बदलायचा असेल तर रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी सांगायचं, हात वर करून ठरवायचं. चिंचोका निघाल्यावर बदल नाही. हे आम्ही गटाच्या व्याजदरावरूनच शिकलो.

काकू आता येतात. खेळत नाहीत, ओट्यावरच बसतात. पण मागच्या रविवारी वाटाड्या अंधारीत अडकला तेव्हा बाहेरून आवाज आला, "अरे, वारा कुठून येतोय ते बघ की आधी." गोष्ट सांगणाऱ्या मुलीनं ते धरलं. आता तीच मुलगी काकूंच्या मागं लागलीय, पुढची गोष्ट तुम्ही सांगा म्हणून. काकूंनी अजून होकार दिलेला नाही.