खाण बंद होते, गाव मागे उरते
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



हैदराबादहून काझीपेटमार्गे बल्लारशाकडे जाताना आपल्यापैकी अनेकांनी बेल्लमपल्ली स्टेशन पाहिले असेल. माझे बालपण त्या गावात गेले. म्हणून आज बाप्पांच्या मंडपात मी कोळशाविषयी बोलणार आहे.

१८७१ मध्ये डॉ. विल्यम किंग यांना इल्लंदूजवळ कोळसा सापडला. १८८९ मध्ये खाणकाम सुरू झाले. तीच आजची सिंगरेणी. तिच्या कोळशावर आधी रेल्वे चालली, पुढे वीज केंद्रे. आपल्या मंडपातल्या रोषणाईमागेही तोच कोळसा आहे.

कोळसा कमी झाला म्हणून कामगार कमी झाले, असे आपल्याला वाटते. हिशेब वेगळाच आहे. १९९०-९१ मध्ये सिंगरेणीत सुमारे १ लाख १६ हजार कामगार होते आणि वर्षाला २ कोटी टनांहून कमी कोळसा निघे. २०२३-२४ मध्ये ७ कोटी टन निघाला, पण कायम कामगार उरले सुमारे ४० हजार. भूमिगत खाणीत माणसे उतरत. खुल्या खाणीत मोठी यंत्रे आणि कंत्राटी कामगार काम करतात. कोळसा जाण्याआधीच नोकऱ्या गेल्या.

बेल्लमपल्लीच्या आसपासच्या जुन्या खाणी एकेक करून बंद झाल्या. कायम कामगारांच्या बदल्या झाल्या, निवृत्तांना पेन्शन मिळाली. पण खानावळवाला, शिंपी, सायकल दुरुस्त करणारा, यांची बदली कोण करणार? पगाराच्या दिवशी उधारी फिटे, त्यावरच सारा बाजार चाले.

२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे आपल्या देशाचे उद्दिष्ट आहे. सूर्याची वीज हवीच. सिंगरेणीनेही सौर प्रकल्प उभारले आहेत. पण तिथे खाणीइतकी माणसे लागत नाहीत. खाण बंद करण्याचा आराखडा आधीच करून त्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत, असा नियम २००९ पासून आहे. त्याचा मुख्य भर जमीन पूर्ववत करण्यावर असतो. जमिनीइतकीच काळजी गावाची घ्यावी, एवढेच माझे म्हणणे. खाण चालू असतानाच तरुणांना दुसरे काम शिकवावे, कंत्राटी कामगारांची नोंद ठेवावी, दवाखाना आणि शाळा पुढेही चालतील याची सोय करावी.

बाप्पांना घरी आणतो तेव्हाच निरोपाचा दिवस आपल्याला ठाऊक असतो आणि तयारीही असते. खाणीचा निरोपही ठाऊक आहे. तयारी तेवढी राहिली आहे.

गणपती बाप्पा मोरया!