फोल्डरमधील फायलींची मजकूर-यादी

संगणकातील फोल्डर, म्हणजे फायली एकत्र ठेवण्याचा कप्पा, उघडला की आतील फायलींची नावे पडद्यावर दिसतात; परंतु नावे दिसणे आणि त्यांची यादी हाताशी असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. खिडकी मिटताच ती नावे नाहीशी होतात, आणि डिस्क बिघडली तर तिच्यात नेमके काय होते हे सांगणारा पुरावाही तिच्याबरोबरच जातो. ग्रंथालयात पुस्तकांखेरीज दाखलनोंद वही ज्या कारणासाठी ठेवतात, त्याच कारणासाठी फायलींचीही वेगळी यादी असावी लागते. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, तिच्यातील पुस्तके एका छपराखाली कधीच नव्हती. तरीही काय छापले गेले होते हे त्या सूचीमुळे कळते, आणि शोध कशाचा घ्यायचा हे ठाऊक असल्याशिवाय कोणताही शोध सुरूच होत नाही.

अशी यादी तयार करण्याचे साधन विंडोज संगणकात आधीपासूनच असते, मात्र ते चित्रांच्या आड दडलेले आहे. डी, आय, आर या तीन अक्षरांची ‘डिर’ ही आज्ञा 1981 सालच्या एमएस-डॉसमध्येही होती. त्या वेळी डिस्कवर फोल्डर नव्हते, सर्व फायली एकाच पातळीवर असत. फोल्डरच्या आत फोल्डर ठेवण्याची सोय, तसेच आज्ञेचे उत्तर पडद्याऐवजी फायलीत वळवण्याची सोय, 1983 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली आणि या दोन्ही कल्पना युनिक्स या प्रणालीकडून घेतलेल्या होत्या.

हवा तो फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत सी, एम, डी ही अक्षरे टंकून एंटर दाबले, की त्याच फोल्डरसाठी आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडते. तेथे ‘डिर’ लिहून, जागा सोडून तिरकी रेघ व बी, पुन्हा जागा सोडून तिरकी रेघ व एस, त्यानंतर गणितातील ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह आणि शेवटी नव्या फायलीचे नाव लिहावे. बी मुळे आकार व तारीख गळून केवळ नावे उरतात, एस मुळे आतील सर्व उपफोल्डर धुंडाळले जाऊन प्रत्येक फायलीचा पूर्ण पत्ता मिळतो, आणि ते चिन्ह सारा मजकूर फायलीत वळवते. लपवलेल्या फायलीही हव्या असतील, तर तिरकी रेघ व ए यांची भर घालावी. लिनक्स व मॅकवर फायलींची नावे दाखवण्याचे काम ‘एलएस’ ही आज्ञा करते. नवी यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवल्यास तिचे स्वतःचे नावही यादीत येते, कारण शोध सुरू होण्यापूर्वीच ती रिकामी फाईल निर्माण झालेली असते.

मराठी वापरकर्त्याला खरी अडचण येते ती येथे. फायलींची नावे देवनागरीत असली, तर यादीत पुष्कळदा अक्षरांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उमटतात. नावे डिस्कवर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांना सामावणाऱ्या संकेतप्रणालीत, सुरक्षित असतात. परंतु काळी खिडकी यादी लिहिताना सामान्यतः जुनी, मोजक्या अक्षरांची सारणी वापरते आणि तिच्यात देवनागरीला स्थानच नाही. अशा यादीतील प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव परत मिळवता येत नाही, म्हणून हा दोष किरकोळ मानू नये. उपाय मात्र सोपा आहे: यादी करण्यापूर्वी त्याच खिडकीत सी, एच, सी, पी ही अक्षरे व त्यापुढे 65001 हा आकडा लिहून एंटर दाबावे, म्हणजे यादी यूटीएफ-8 या युनिकोडच्या रूपात लिहिली जाते आणि देवनागरी जशीच्या तशी राहते.

यादीतील क्रम एकेक अक्षर पाहून लागतो, संख्येचे मूल्य पाहून नव्हे; त्यामुळे 10 क्रमांकाचे प्रकरण 2 च्या आधी येते, आणि 02 असे दोन अंकी लिहिले तरच क्रम जुळतो. तारखेचेही तसेच आहे. प्रत्येक यादीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घातला आणि त्या याद्या दुसऱ्या डिस्कवर ठेवल्या, तर त्या आपोआप काळाच्या ओळीत राहतात. आणि ‘एफसी’ या आज्ञेने जुनी व नवी यादी ताडून पाहिली, की मधल्या काळात कोणती फाईल नाहीशी झाली तिचे नाव समोर येते.