पाहणारे किती, थांबणारे किती?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून आजपर्यंत व्यासपीठावर आलेला प्रत्येक वक्ता प्रथम समोरची माणसे मोजीत असावा. मीही आत्ताच मोजली. पण जाणता वक्ता आणखी एक गोष्ट पाहतो: मागच्या रांगेतले लोक कोणत्या वाक्याला चपला शोधू लागले? आजचा विषय हाच आहे. फक्त मंडपाच्या जागी यूट्यूब आहे.

आपल्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. समजा, इथल्या एका तरुणाने सीताफळाच्या छाटणीवर दहा मिनिटांचा व्हिडिओ केला. त्याला आठवड्यात दोनशे व्ह्यूज मिळाले. मित्राने उधळलेल्या बैलाची गंमत टाकली. तिला हजार मिळाले. आपला तरुण खचतो आणि मोबाईल बाजूला ठेवतो. त्याने ठेवावा काय? हिशेब करून पाहू.

गमतीचा व्हिडिओ लोकांनी सरासरी दोन मिनिटे पाहिला. हजार दुणे दोन हजार मिनिटे. छाटणीचा व्हिडिओ पाहणारे दोनशेच. पण ते शेवटपर्यंत थांबले असतील, तर दोनशे गुणिले दहा, म्हणजे पुन्हा दोन हजारच! ह्या पाहण्याच्या एकूण वेळेला वॉच टाइम म्हणतात. २०१२ साली यूट्यूबनेही शिफारशी करताना नुसत्या व्ह्यूजऐवजी ह्या वेळेला अधिक वजन देण्यास आरंभ केला. कारण उघड होते. भडक चित्र लावून दार उघडायला लावणे सोपे. आलेल्याला बसवून ठेवणे अवघड.

दाराचाही आकडा असतो. व्हिडिओचे लहान चित्र, म्हणजे थंबनेल, कितीजणांसमोर आले आणि त्यांतील शेकडा कितीजणांनी ते दाबले, हे यूट्यूब दाखवते. हा आकडा कमी असेल तर दोष बहुधा चित्रात किंवा मथळ्यात असतो, आतल्या मजकुरात नव्हे; कारण तो मजकूर त्यांनी पाहिलेलाच नाही.

सर्वांत बोलकी मात्र ती उतरती रेघ. कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उरले, ते ती सांगते. आरंभीच कडा कोसळावा तशी रेघ पडली, तर समजावे की नमस्कार-चमत्कार, ओळख आणि आभार ह्यांतच मंडळी उठून गेली. मधेच उंचवटा आला, तर लोकांनी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला असेल. मधुरा बाचल यांच्यासारख्यांनी मराठी पाककृती यूट्यूबवरून घरोघरी नेल्या. अशा व्हिडिओत मापे सांगताना उंचवटा आला, तर तिथे गृहिणी वाटी हातात घेऊन उभी आहे, असे समजायला हरकत नाही.

परंतु रेघ कुठे पडली हे आकडा सांगतो. का पडली हे सांगत नाही. आपल्याकडची हजारो माणसे दरसाल ऊसतोडीला जातात. कोपीसमोर एका मोबाईलभोवती आठजण बसून व्हिडिओ पाहतात. यंत्र एकच प्रेक्षक धरते. रेंज गेली म्हणून व्हिडिओ बंद पडला; यंत्र म्हणते, प्रेक्षक निघून गेला. आणि व्हिडिओ पाहून कुणी खरोखर झाड छाटले, तर त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

तेव्हा त्या तरुणाला माझे सांगणे असे: आकडे रोज पाहू नकोस, महिन्यातून एकदा नीट वाच. पहिल्या अर्ध्या मिनिटात किती गेले ते पाहा आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदल; चार गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशाचा ते कळणार नाही. शॉर्ट्सचे व्ह्यूज लांब व्हिडिओच्या व्ह्यूजशी ताडू नकोस. मार्च २०२५ अखेरपासून शॉर्ट सुरू होताच तो मोजला जातो. आणि दोन बागाईतदारांना जाऊन विचार, "काका, कुठे कंटाळा आला?" जे उत्तर रेघेत नाही ते तिथे मिळेल.

दोनशे माणसे दहा मिनिटे शांतपणे ऐकत बसली, तर तिला आपण धारूरमध्ये भरलेली सभा म्हणतो. पडद्यावरची सभाही त्याच मापाने मोजावी, एवढे सांगून आपली रजा घेतो.