सेवावस्तीतील फुटबॉल



सन 2001. नागपुरात भर पावसात काही मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळत होती. असे दृश्य कोणत्याही शहरात दिसते आणि आपण छत्री सावरीत पुढे निघून जातो. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे थांबले. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. वस्तीतील मुले मैदानावर असतात तेवढा वेळ व्यसनापासून आणि वाईट संगतीपासून दूर असतात, एवढे साधे निरीक्षण त्यांनी केले आणि त्यातून झोपडपट्टीतील मुलांच्या स्पर्धा सुरू झाल्या. ‘स्लम सॉकर’ या नावाने पुढे वाढलेल्या या कार्याला 2016 साली ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल संघटनेचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. 2022 साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट याच प्रेरणेतून आला आणि बारसे यांचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र चित्रपट तीन तासांत संपतो. मैदानावर रोज संध्याकाळी कोणीतरी उभे राहावे लागते, आणि आजचा विषय तो ‘कोणीतरी’ हाच आहे.

पाचवी ते आठवी या वयाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. चौथीपर्यंतचे मूल आईच्या नजरेच्या टप्प्यात असते. नववी-दहावीत परीक्षेचा धाक तरी असतो. मधल्या तीन-चार वर्षांत मात्र मुलगा घराबाहेर पडतो, स्वतःचा कळप शोधतो आणि त्या कळपाचा पुढारी कोण, यावर पुढचे बरेच काही ठरते. तो पुढारी गुटख्याच्या टपरीवर बसणारा असेल की शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर येणारा दादा असेल? सेवावस्तीत काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावे. या वयात हातून निसटलेला मुलगा परत आणणे किती कठीण असते, हे तो सांगेल.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या हे आपले खेळ असताना या परदेशी खेळाचे कौतुक कशासाठी? कबड्डी आणि खो-खो वस्तीत हवेतच, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण फुटबॉल या भूमीत कसा रुजला, हेही पाहिले पाहिजे. 1877 साली कोलकात्याच्या हेअर स्कूलमध्ये शिकणाऱ्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या बालकाने आपल्या सवंगड्यांना हा खेळ लावला. पुढे त्यांनी काढलेल्या वेलिंग्टन क्लबात मणी दास नावाच्या कुंभाराच्या मुलाला सभासद करण्यास काही उच्चवर्णीय सभासदांनी विरोध केला. सर्वाधिकारींनी काय करावे? त्यांनी तो क्लबच विसर्जित केला आणि शोभाबाजार क्लब उभा केला. मणी दास त्या क्लबातून खेळला. याच शोभाबाजारने 1892 साली ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला हरविले. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, हा पराक्रम सर्वांना ठाऊक असतो. ते खेळाडू एकाचा अपवाद वगळता अनवाणी होते, हेही सांगितले जाते. मणी दासची गोष्ट मात्र सांगितली जात नाही. समरसतेचा पाठ ज्या खेळाने आपल्याच मातीत इतक्या आधी गिरवला, त्याला परके म्हणणे इतिहासाला धरून नाही. स्वामी विवेकानंदांनी 1897 साली मद्रासच्या तरुणांपुढे बोलताना गीता आणि फुटबॉल यांची सांगड घातली, ती काही उगाच नव्हे. (अनेक वक्ते त्यातील अर्धेच वाक्य सांगतात. बळकट देहाला गीता अधिक चांगली कळेल, हा स्वामीजींचा उरलेला अर्धा भाग गाळला की अर्थाचा अनर्थ होतो.)

महाराष्ट्रात तर कोल्हापूरने हा प्रश्न कधीच निकालात काढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही तेथील फुटबॉल संघांची नावे आहेत. जेथे लाल मातीचा आखाडा, तेथूनच फुटबॉलचा संघ! 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पेठेचा अभिमान खेळाला किती बळ देतो, हे शाहू स्टेडियमवर दिसते. तो अभिमान सुटला की प्रेक्षकांत हाणामारी होते, हेही तेथेच दिसले आहे. लहान मुलांच्या उपक्रमात वस्ती विरुद्ध वस्ती असे सामने लावण्याची घाई करू नये, याचे कारण हेच.

1994 साली कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची, विश्वचषकात त्याच्याकडून स्वतःच्याच संघावर गोल झाल्यानंतर, मेदेयीन शहरात हत्या झाली. त्याच शहरात पुढे वस्त्यांतील तरुणांसाठी फुटबॉलचा एक वेगळा प्रकार सुरू झाला. मुले-मुली एकाच संघात, पंच नाही, सामन्याआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे आणि सामन्यानंतर पुन्हा बसून ते कोणी पाळले याची चर्चा करायची. पहिला गोल मुलीनेच केला पाहिजे, असाही नियम होता. मुलीकडे चेंडू दिल्याशिवाय गत्यंतर नाही, अशी ही युक्ती! आपल्याकडे बारा-तेराव्या वर्षी मुली मैदानावरून अचानक नाहीशा होतात. कारणे घराघरांत आहेत: धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, लोक काय म्हणतील ही भीती. प्रशिक्षिका ताई असेल, खेळ दिवेलागणीपूर्वी संपत असेल आणि ती ताई आधी घरी जाऊन आईशी बोलली असेल, तर हीच मुलगी मैदानावर टिकते. पत्रक वाटून हे साधत नाही.

15 सप्टेंबर 2017 रोजी राज्य शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा संकल्प केला. शाळांना चेंडू देण्यात आले. त्या दिवशीचा उत्साह खराच होता. पण चेंडूतील हवा जाते, पंप कोणाकडे नसतो, आणि चेंडू कपाटात जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे. सहावी ते आठवीच्या वर्गांत मात्र शंभरावर पट असेल तरच क्रीडाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मिळतो. छोट्या शाळेतील मुलाला खेळ नको असतो, असे या हिशेबात गृहीत धरलेले दिसते! समग्र शिक्षा योजनेत 2018 पासून उच्च प्राथमिक शाळेसाठी क्रीडासाहित्यापोटी वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतची तरतूद आली. पैशांची तरतूद झाली, शिकवणारे माणूस मात्र समाजातूनच यावे लागेल.

त्या माणसाने मोठा खेळाडू असण्याची गरज नाही. त्याला थोड्या गोष्टी कळाव्यात. आठ ते बारा वर्षांच्या मुलाला चार क्रमांकाचा चेंडू द्यावा. मोठ्यांचा पाच क्रमांकाचा चेंडू त्याच्या पायाला जड पडतो. अकरा-अकरा जणांचा सामना लावला तर अर्ध्या मुलांच्या पायाला चेंडू लागतच नाही. पाच-पाच जणांचे संघ आणि छोटे मैदान हेच या वयाला योग्य. कोणालाही बाहेर बसवून ठेवू नये. प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात डोक्याने चेंडू मारू देऊ नये, अशी सूचना इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संघटनांनी फेब्रुवारी 2020 मध्ये दिली, तीही पाळावी. आणि शिवी देणाऱ्या प्रशिक्षकाला, तो कितीही निष्णात असो, दुसऱ्या दिवशी बोलावू नये.

उरतो प्रश्न जागेचा. शहरांत मोकळी मैदाने राहिलेली नाहीत, हे खरे. पण पालिकेच्या शाळेचे पटांगण संध्याकाळी पाच वाजता कुलूप लावून बंद होते, तेही खरे. याच कायद्याने अशा शाळांत व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असतात. वस्तीतील मायबहिणी त्या समितीत बसतात, पण विषयपत्रिका बहुधा दुसरेच कोणी लिहिते. पुढच्या बैठकीपूर्वी चार कार्यकर्त्यांनी या पालकांच्या घरी जावे, आणि आठवड्यातून तीन दिवस पाच ते साडेसहा पटांगण उघडे ठेवण्याचा ठराव त्यांच्याच नावाने मांडला जाईल, हे पाहावे. किल्ली घेण्यासाठी आणि नंतर फाटक बंद करण्यासाठी जबाबदार माणसाचे नाव मुख्याध्यापक विचारतीलच. ते नाव अर्ज देतानाच लिहून द्यावे.